वडिलांसाठी भेटीचा पाव: सांगली-साताऱ्याच्या बेकरीवाल्यांकडून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मे संपला की फोन सुरू होतात. कधी तासगावचा, कधी विट्याचा, कधी कऱ्हाडचा कुणी बेकरीवाला विचारतो, "ते फादर्स डेचं तुम्ही काय करता ओ?" तेच तेच सांगून घसा बसायला लागला, म्हणून एकदाचं लिहून काढलं. आमची बेकरी सांगलीत आहे, मोठी नाही. त्यामुळे इथलं सगळं एक भट्टी, दोन कारागीर आणि काउंटरवर घरचंच माणूस एवढ्या पसाऱ्याला जमेल असं आहे.

वडिलांना पाव कोण भेट देतं? केक बरा नाही का?

केक विका की, कोण नको म्हणतंय. पण घरात केक आला की काय होतं बघा. वडील सुरी धरतात, फोटोला उभे राहतात, एक घास खातात आणि "पुरे पुरे, पोरांना द्या" म्हणून उठतात. केक नातवंडांचा होतो.

पावाचं तसं नाही. आपल्याकडच्या बहुतेक घरांत सकाळी पिशवी घेऊन बेकरीत येणारा माणूस म्हणजे वडीलच. अर्धा डझन बटर, पाव किलो टोस्ट, नातवाला क्रीम रोल. स्वतःसाठी म्हणून वेगळं काही तो कधीच घेत नाही. त्याच माणसाला त्याच चहासोबत त्याच्या नावाचा पाव मिळाला, तर तो खाल्ला जातो, आणि एकदाच नाही, तीन-चार दिवस. शिवाय वडिलांचा ठरलेला प्रश्न असतो, "कशाला खर्च केलास?" शर्ट आणला, घड्याळ आणलं की हा प्रश्न येतोच. पावाला तो येत नाही, कारण पाव ही खर्चात धरायची वस्तूच नाही. आपला सगळा धंदा या एका गोष्टीवर उभा करायचा.

हा दिवस नेमका कधी असतो? आणि हे परदेशी खूळ नाही का?

जूनचा तिसरा रविवार. २०२६ मध्ये २१ जून, २०२७ मध्ये २० जून.

परदेशी आहे, त्यात लपवायचं काय? अमेरिकेत वॉशिंग्टन राज्यातल्या स्पोकेन गावी सोनोरा स्मार्ट डॉड या बाईंनी १९ जून १९१० ला तो पहिल्यांदा साजरा करवून घेतला. आई गेल्यावर त्यांच्या वडिलांनी सहा मुलं एकट्यानं वाढवली होती. सरकारी शिक्का मात्र १९७२ साली राष्ट्राध्यक्ष निक्सन यांच्या सहीनं बसला. पाव तरी कुठे आपला होता? पोर्तुगिजांनी आणला आणि आता त्याच्याशिवाय मिसळ खाता येत नाही.

२०२६ ची एक गंमत आहे. यंदा ज्येष्ठ अधिक आहे, १७ मे ते १५ जून. म्हणजे महिनाभर जावयाला धोंड्याचं वाण देऊन सासऱ्याचा खिसा रिकामा, आणि अधिक संपल्यावर पहिलाच रविवार वडिलांचा. जाहिरातीत ही ओळ जशीच्या तशी वापरा, गिऱ्हाईक हसतं.

वर्षातून एकच दिवस? बाकी वेळी मागणी नसते का?

खरं सांगायचं तर मला जूनपेक्षा दिवाळीचा पाडवा जास्त आपला वाटतो. पाडव्याला बायको नवऱ्याला ओवाळते हे सगळे सांगतात, पण लेक बापाला ओवाळते हेही आपल्याकडे घरोघर आहे. ओवाळणी बाप घालतो. लेकीनं उलट काहीतरी द्यावं, ही जागा मोकळीच आहे.

अडचण भट्टीची. दिवाळीआधीचे आठ दिवस लोक रवा-मैदा-तुपाचे डबे घेऊन नानखटाई भाजायला रांग लावतात. त्यात हा पाव घुसवायचा तर रात्री दोननंतरच. दुसरं म्हणजे घरात चकली-लाडू भरलेले असताना गोड पाव कुणी खात नाही. पाडव्याला तिखटमीठ पाव करा: ओवा, मिरी, लसूण, वरून तीळ. फराळानं कंटाळलेल्या जिभेला तो बरा लागतो.

एकसष्ठी, पंचाहत्तरी, सहस्रचंद्रदर्शन यांच्या ऑर्डरी वर्षभर येतात आणि त्यात घासाघीस कमी होते. पितृपंधरवड्यात मात्र "वडिलांसाठी" हा शब्दही बोर्डावर नको. एका वर्षी आमच्या पोरानं जूनचा जुना फ्लेक्स चुकून भाद्रपदात बाहेर काढला. दोन म्हाताऱ्या गिऱ्हाइकांनी दारातूनच काय ते सुनावलं.

पाव कसला करावा? प्रमाण सांगा.

आम्ही दोन-तीन वर्षं चुकत चुकत इथपर्यंत आलो. ज्वारी, गूळ, बेदाणा आणि चिमूटभर हळद. सगळं इथलंच, चव ओळखीची आणि रंग असा की बघणारा विचारतोच.

एक किलो पिठाचं प्रमाण: मैदा ८५० ग्रॅम, ज्वारीचं पीठ १५० ग्रॅम, ज्वारीच्या उकडीसाठी कढत पाणी ३०० ग्रॅम, दूध २५० ग्रॅम, गूळ १०० ग्रॅम आणि तो विरघळवायला पाणी १२० ग्रॅम, लोणी ६० ग्रॅम, मीठ १६ ग्रॅम, इन्स्टंट यीस्ट १२ ग्रॅम, हळद ८ ग्रॅम, मिरपूड २ ग्रॅम, बेदाणे २५० ग्रॅम. ५२० ग्रॅमचे चार गोळे होतात आणि थोडं उरतं. उरल्याचा बन करून आधी आपणच खायचा. चव बिघडली असेल तर ती गिऱ्हाइकाच्या आधी आपल्याला कळलेली बरी.

आता प्रत्येक जिन्नसाची खोड. ज्वारीत ग्लुटेन नाही, त्यामुळे तिचं कोरडं पीठ घातलं की पाव भुगा होतो. पण भाकरीला उकड काढतात तशी काढली की ज्वारीतला स्टार्च पाणी धरून ठेवतो, पाव मऊ राहतो आणि दुसऱ्या दिवशीही कोरडा लागत नाही. जपानी-चिनी दुधाच्या पावात हीच युक्ती असते, नाव तेवढं वेगळं. आपल्या आया-आज्या ती रोज चुलीपुढे करत होत्या. उकड पूर्ण गार झाल्याशिवाय यीस्टला जवळ येऊ देऊ नका.

गूळ दुधात घालू नका, दूध फाटतं. कोमट पाण्यात विरघळवून गाळून घ्या. गाळल्यावर फडक्यात काय उरतं ते एकदा गिऱ्हाइकाला दाखवा, पुढच्या वेळी ते स्वतःहून सांगतं की गूळ गाळूनच घाला. गुळामुळे यीस्ट मंदावतं, म्हणून ते साध्या पावापेक्षा थोडं जास्त धरलंय आणि फुगायला वेळही जास्त लागतो. घाई करू नका.

हळद आठ ग्रॅमच. दहाच्या वर गेलात की कडवट लागते आणि पाव औषधी होतो. खायचा सोडा तर अजिबात नको: हळदीला चुना लागला की कुंकू होतं, तसाच सोड्यानं पावाला तांबूस डाग पडतो.

बेदाणा गरम पाण्यानं धुऊन वीस-पंचवीस मिनिटं भिजवायचा, निथळून फडक्यावर पसरायचा. कोरडा घातला तर तो पिठातलं पाणी ओढतो. मळणी संपता संपता घाला, आधी घातलात तर चिरडून पीठ काळपट होतं. वर डोकावणारे बेदाणे आत दाबा, नाहीतर जळून कडू होतात.

१८० अंशाला तीस ते पस्तीस मिनिटं. थर्मामीटर असेल तर आतलं तापमान ९३ ते ९५ अंश बघा. नसेल तर बूड ठोकून बघायची जुनी रीत आहेच.

आकार कसा द्यायचा? टायचा, शर्टाचा करू का?

कृपा करून नको. आपल्या गिऱ्हाइकांच्या वडिलांनी लग्नातसुद्धा टाय बांधलेला नाही.

इटलीत वडिलांचा दिवस १९ मार्चला, संत जोसेफच्या सणाला असतो. जोसेफ सुतार, म्हणून सिसिलीत त्या दिवशी शिडी, करवत, हातोडा अशा आकाराचे पाव करून मांडतात. म्हणजे बापाचं हत्यार पावात उतरवायचं. हे मला फार पटलं. मग आम्ही विचार केला, आपल्याकडच्या बापाचं काय?

द्राक्षाचा घड सगळ्यात सोपा आणि सगळ्यात जास्त खपणारा. पंचवीस ग्रॅमच्या वीस गोळ्या, वर रुंद खाली निमुळत्या मांडायच्या, देठाला कणकेची एक वळी. फुगल्यावर त्या एकमेकींना चिकटतात आणि खाताना एकेक तोडता येते. सुरी लागत नाही, घरातला प्रत्येक जण एक उचलतो. याला बेदाणा आत भरा, वर नको. गोळ्या लहान म्हणून घड वीस-बावीस मिनिटांत होतो, पाहत राहा.

उसाचं कांडं म्हणजे लांबट पाव, त्याला सुरीच्या बोथट बाजूनं पेरं पाडायची. आणि गदा! एक मोठा गोळा, एक दांडा. जिथे गावोगाव तालमी आहेत, जिथल्या गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांनी १९५२ ला हेलसिंकीत कांस्यपदक मिळवलं, तिथे जुन्या पैलवानाला पावाची गदा दिली की तो ती खांद्यावर घेऊन फोटो काढतोच. तो फोटो म्हणजे आपली फुकटची जाहिरात. दांडा मात्र गोळ्याच्या आधी भाजून कडक होतो, म्हणून जाड ठेवा.

तीनच आकार ठेवा आणि चौथा साधा डब्यातला पाव. मिरजेच्या एकानं सतार करायचं मनावर घेतलं होतं. भोपळा छान फुगला, दांडी वाकली. बघणाऱ्याला ती पळीच वाटली.

नाव कसं लिहायचं? "हॅपी फादर्स डे" लिहू का?

ते लिहिलंत तर पाव कुणाचाही होतो. घरात हाक मारतात ते नाव लिहा: आबा, आण्णा, तात्या, नाना, बापू, भाऊ, पप्पा. दोन-तीन अक्षरं, बास.

आणि ऑर्डर घेताना विचारा, "घरात काय म्हणता?" दादा म्हणजे काही घरांत थोरला भाऊ, काही घरांत वडील. लेखनही गिऱ्हाईक लिहील तसंच. आम्ही एकदा शहाणपणा केला. चिठ्ठीवर "आण्णा" होतं, आमच्या मास्तरीण सूनबाईंनी शुद्ध करून "अण्णा" केलं. पोरगी पाव उचलायला आली आणि बघतच राहिली. म्हणाली, "आमच्या ट्रॅक्टरवर पण आण्णाच हाय." दुसरा पाव भाजून दिला. तेव्हापासून शुद्धलेखन भट्टीबाहेर.

पद्धत अशी: खाद्यपदार्थाला चालणाऱ्या पातळ प्लास्टिकच्या पानावर नाव कोरून घ्यायचं, फुगलेल्या पावावर अलगद ठेवायचं आणि चहाच्या गाळणीतून तांदळाचं पीठ भुरभुरायचं. देवनागरीचा एक फायदा आहे, शिरोरेषेमुळे अख्खा शब्द एका सलग खाचेत येतो. तोटाही आहे: ब, व, भ यांच्या पोटातला तुकडा गळून पडतो. "बाबा" कोरताना दोन्ही पोटांना बारीक पूल ठेवायला कारागिराला सांगा. आमच्याकडे पंधरा नावांचे साचे आहेत, त्यात ऐंशी टक्के गावं आटपतात.

वडिलांना शुगर आहे, दात नाहीत, अंडं चालत नाही. काय द्यायचं?

ऑर्डरच्या वहीत हे तीन रकानेच पाडा.

दातांचं आधी सांगतो, कारण ते कुणी विचारत नाही. शहरात कडक सालीच्या आंबट पावाचं कौतुक आहे. कवळी लावलेल्या माणसाला तो दिला तर ती शिक्षा होते. आपला पाव मऊ सालीचा हवा, भट्टीतून काढल्या काढल्या वरून लोणी फिरवा.

शुगरवाल्यांना गुळाचा पाव "चालतो" असं काउंटरवरून कधीच म्हणू नका. गूळ ही साखरच. त्यांच्यासाठी गूळ-बेदाणा वगळून ओवा-मिरीचा पाव करा आणि "यात गूळ-साखर घातलेली नाही" एवढंच सांगा. पीठ आहेच, ते डॉक्टरांना विचारून खावं. लेबलावर "शुगर फ्री" छापायचं असेल तर शंभर ग्रॅममध्ये अर्ध्या ग्रॅमपेक्षा जास्त साखर चालत नाही. दुधातच त्याहून जास्त निघते. त्या भानगडीत पडू नका.

अंड्याची गरजच नाही. चकाकीसाठी वरून अंडं फिरवायची सवय अनेक कारागिरांना आहे. तेवढ्यानंही पाव मांसाहारी गटात जातो आणि हिरव्या ठिपक्याऐवजी तपकिरी त्रिकोण छापावा लागतो. दुधात थोडं गुळाचं पाणी मिसळून फिरवा, रंग त्याहून छान येतो. शुगरवाल्यांच्या पावाला मात्र नुसतं दूध.

जूनच्या दमट हवेत पाव टिकेल का?

नीट गार केलात तर तीन दिवस, हवा बरी असेल तर चार. घाई करून गरम पाव पिशवीत कोंबलात तर दुसऱ्याच दिवशी बुरशी. जाळीवर, पंख्याखाली, निदान तीन तास. कापून देऊ नका, अख्खा पाव जास्त टिकतो.

पावसाळ्यात आणखी एक रोग येतो. पाव वरून चांगला दिसतो, पण आत ओलसर, चिकट, तोडला की तार सुटते आणि जास्त पिकलेल्या फळासारखा वास येतो. हे बुरशीमुळे नाही, जिवाणूंमुळे होतं. त्यांचे बीजाणू भट्टीतही मरत नाहीत आणि उबदार दमट हवेत जागे होतात. किलोला दोन चमचे व्हिनेगर घाला, पाव पूर्ण भाजा, आणि एकदा तार सुटलेली दिसली तर ओटे, साचे, कपाटं व्हिनेगरच्या पाण्यानं पुसा.

गिऱ्हाइकाला सांगा, फ्रिजमध्ये ठेवू नका. फ्रिजच्या थंडीत पाव उलट लवकर शिळा होतो. फ्रीझरमध्ये चालतो. ही चिठ्ठी डब्यात घालाच, कारण आपल्याकडे आया सगळं फ्रिजमध्ये टाकतात आणि मग बेकरीला नावं ठेवतात.

डबा कसला?

साधा पुठ्ठ्याचा, आत बटर पेपर, वरून सुतळी. चकचकीत डब्यावर जास्त पैसे घालवू नका. सुतळीला एक हळकुंड बांधून बघा. सांगलीत ते मिळायला अडचण नाही आणि फोटोत ते रिबिनीपेक्षा छान दिसतं. पुण्याला गेलेल्या एका डब्याचं हळकुंड तिथल्या आजींनी उगाळून वापरलं असं कळवलं.

किंमत किती ठेवू?

दर सतत बदलतात, विशेषतः बेदाण्याचा. म्हणून आकड्यापेक्षा रीत बघा. समजा एका पावाचा माल ५५ रुपये, डबा-सुतळी-चिठ्ठी २५, गॅस-वीज-मजुरी ३५, फुटतूट १०. झाले १२५. आम्ही असा पाव १८० ला देऊ. एकशे नव्याण्णव वगैरे नको, सुट्ट्याची कटकट आणि वडिलांना तो आकडा कळलाच तर बोलणी पोरांना.

हात आखडता का ठेवायचा? कारण दिवस. तिसरा रविवार म्हणजे पगार संपत आलेला. त्याच आठवड्यात शाळा सुरू झालेल्या, वह्या-दप्तरांचा खर्च झालेला. आणि गावाकडे पेरणीची धांदल, बियाणं-खतात पैसा अडकलेला. पाचशेचा हॅम्पर या दिवसांत आपल्याकडे चालत नाही. एकानं सुकामेवा, कॉफीचा मग आणि अत्तर घालून केला होता, दिवाळीपर्यंत कपाटात राहिला. पाडव्याला मात्र बोनसचा महिना असतो, तेव्हा थोडं वर जायला हरकत नाही.

घेणार कोण? गावात तर कुणी फादर्स डे पाळत नाही.

प्रश्न बरोबर आहे. गावात पाव खाणारा बाप राहतो, विकत घेणारं पोर बाहेर राहतं. म्हणून जाहिरात सांगलीत लावून उपयोग नाही, ती बाहेर पोचली पाहिजे.

पुण्यात नोकरीला असलेले मुलगे-मुली हे पहिलं गिऱ्हाईक. दुसरं, विटा, खानापूर, आटपाडी भागातले गलाईवाले. सोन्या-चांदीच्या गलाईच्या, म्हणजे वितळवून शुद्ध करायच्या धंद्यात ही मंडळी देशभर पसरलीत, तमिळनाडू-केरळपासून दिल्लीपर्यंत. वडील मात्र गावाकडच्या घरात, शेताच्या कडेला. हा माणूस पैशाला मागेपुढे बघत नाही, त्याला फक्त वेळेवर पोच हवी. साताऱ्याकडच्यांनी पाटण-जावळीतून मुंबईला गेलेले माथाडी कुटुंबीय धरावेत. आणि फौजी. ज्या जिल्ह्यात गावाच्या नावातच मिलिटरी आहे, अपशिंगे मिलिटरी, तिथे सीमेवरच्या पोरानं बापाला पाव पाठवणं ही जाहिरात नाही, ती बातमीच होते. फौजींकडून आम्ही घरपोच करायचे पैसे घेत नाही.

पोच कशी? आम्ही शहरात स्वतः, तालुक्याला तिथल्या ओळखीच्या बेकरीमार्फत. हो, दुसऱ्या बेकरीमार्फत! विट्याची ऑर्डर आली की विट्याच्या बेकरीवाल्याला कळवायचं, त्यानं तिथेच भाजून द्यायची, आपण दहा टक्के ठेवायचे. पाव ताजा, प्रवास नाही, भांडण नाही. म्हणूनच तर प्रमाण वर उघड लिहिलंय. जिथे कुणी नाही तिथे एसटीच्या पार्सलनं, पण मग पाव नको, टोस्ट पाठवा. याच पावाचे काप करून दुसऱ्यांदा भाजले की आठ-पंधरा दिवस काही होत नाही.

जाहिरात कशी करायची? आम्हाला रील वगैरे जमत नाही.

व्हॉट्सअॅप पुरे. बिझनेस अॅप घ्या, कॅटलॉगमध्ये चारच फोटो टाका. ब्रॉडकास्टच्या एका यादीत २५६ नंबर बसतात, पण ज्यांनी आपला नंबर सेव्ह केलाय त्यांनाच निरोप जातो. म्हणून मे महिन्यापासूनच प्रत्येक बिलावर लिहा, "आमचा नंबर सेव्ह करा."

निरोप कसा, तर आमचा गेल्या वर्षीचा चालला तो असा:

"आबांना विचारलं काय पाहिजे, तर म्हणतील 'काय नको बघ.' तेवढं ऐकून थांबू नका. त्यांच्या चहासोबत त्यांच्या नावाचा पाव. तासगावचा बेदाणा, गुळाची गोडी. गुरुवारपर्यंत सांगा, रविवारी सकाळी आठच्या आत दारात."

बघा, यात प्रेम, कृतज्ञता, सुपरहिरो असला एकही शब्द नाही. तसले शब्द आपल्याकडे पोरं बापाला तोंडावर बोलत नाहीत, आणि बेकरीनं बोललेले तर कुणालाच आवडत नाहीत. "काय नको बघ" हे वाक्य मात्र प्रत्येकानं ऐकलेलं असतं. पहिल्या अर्ध्या तासात तेवीस जणांनी तेवढंच उलट पाठवलं.

फोटो पावाचा एकट्याचा नको. स्टीलचा कप, बशी, चष्मा, दुमडलेला पेपर. उजेड खिडकीचा.

ज्यांचे वडील नाहीत त्यांना असा निरोप गेला तर?

जातो, आणि लागतो. आम्हाला एका जुन्या गिऱ्हाइकानं एवढंच कळवलं होतं, "आमचे भाऊ मार्चमध्ये गेले." मी दिवसभर कामाला लागलो नाही.

आता आठ दिवस आधी एक साधा निरोप जातो: वडिलांच्या दिवसाचे निरोप नको असतील तर "नको" लिहा, कारण विचारणार नाही. जे "नको" लिहितात त्यांच्या नावापुढे खूण करतो, ती पुढच्या वर्षीही राहते. काही जण उलट मागतात, सासऱ्यांसाठी, मामांसाठी, ज्यांनी शिकवलं त्या सरांसाठी. एक बाई दरवर्षी "आई" लिहून घेतात. काउंटरवरच्या पोरानं "ताई, फादर्स डे आहे" म्हणून दुरुस्ती करू नये, एवढं त्याला आधीच सांगून ठेवा.

लेबल, परवाना, जीएसटीचं काय?

पॅक करून विकताय म्हणजे लेबल लागणारच: पदार्थाचं नाव, घटक जास्त ते कमी या क्रमानं, वजन, तयार केल्याची आणि वापरायची तारीख, बॅच, किंमत, पत्ता, अन्न परवान्याचा चौदा अंकी क्रमांक, हिरवी खूण. गहू आणि दूध हे अॅलर्जीचे घटक वेगळे लिहा. पोषणमूल्यांचा तक्ता आपल्याला लागू आहे का ते अन्न सुरक्षा अधिकाऱ्यांना विचारा. बेदाण्याला गंधकाची धुरी दिलेली असेल तर त्याचाही प्रश्न येतो, व्यापाऱ्याला विचारूनच घ्या. पाव सुधारायची जुनी पावडर कुणाकडे पडून असेल तर तिच्यावर पोटॅशियम ब्रोमेट लिहिलंय का बघा. २०१६ पासून त्याला बंदी आहे.

साध्या पावाला जीएसटी नाही. केक-बिस्किटांवर २२ सप्टेंबर २०२५ पासून १८ चे ५ टक्के झाले. गूळ-बेदाण्याचा पाव यातल्या कुठल्या खणात बसवायचा हे तुमच्या सीएला विचारा, शेजारच्या बेकरीवाल्याला नको.

"सांगली हळद", "सांगली बेदाणा" असं डब्यावर छापू का?

दोन्हींना भौगोलिक मानांकन आहे, बेदाण्याला २०१६ पासून, हळदीला २०१८ पासून. तो शिक्का छापायला अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंदणी लागते. आम्ही साध्या शब्दांत "बेदाणा तासगाव बाजारातून घेतलेला" एवढंच लिहितो आणि पावती जपून ठेवतो.

पहिल्या वर्षी किती पाव धरू? वेळ कशी बसवू?

पन्नास. ऑर्डर गुरुवारी रात्री बंद, निम्मे पैसे यूपीआयनं आधी. शुक्रवारी बेदाणा निवडणं, डबे मांडणं, नावांची यादी भिंतीवर. शनिवारी नेहमीचा लादीपाव संपल्यावर संध्याकाळी उकड, रात्री नऊला मळणी, एकपासून भट्टी. तीन तास गार, पाचला पॅकिंग. यात वीज गेली तर काय, याचा विचार शनिवारी नको, आधी करा. जूनच्या पहिल्या पावसात ती जातेच.

एकावन्नाव्याला नाही म्हणा. अवघड जातं, पण कच्चा पाव दारात पोचवण्यापेक्षा बरं.

उरले तर?

नावाचे उरत नाहीत, ते ऑर्डरीचे असतात. काउंटरसाठी बिननावाचे दहा-बारा जास्त करतो, ते दुपारपर्यंत निघतात. कारण सकाळी नेहमीप्रमाणे पिशवी घेऊन वडील लोक येतातच, आणि विचारतात, "हे काय नवीन?" उरलेच तर सोमवारी काप करून मंद भट्टीत टोस्ट. पाव किलोच्या पुड्या बांधा, मंगळवारपर्यंत संपतात.